अध्ययन अक्षमता आणि पहिली नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

वाचन, लेखन किंवा आकडेमोड यांत लहानपणापासून अडचण असलेल्या आणि आता पहिल्यांदाच काम शोधणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी. डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिसग्राफिया (लेखनातली), डिसकॅल्क्युलिया (आकडेमोडीतली) यांपैकी एखादं नाव तुमच्या रिपोर्टवर असेल. किंवा रिपोर्टच नसेल आणि 'अभ्यासात कच्चा' एवढंच आजवर ऐकलं असेल. दोन्ही चालेल. ज्यांना एकूणच नवीन गोष्ट शिकायला जास्त वेळ लागतो, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं. पान लांबलचक आहे, पण सलग वाचायची सक्ती नाही. फोनला वाचून दाखवायला सांगा, नाहीतर हवा तो प्रश्न तेवढा बघा.

अनुभव शून्य, त्यात ही अडचण. मला घेणार कोण?

नोकरी देणाऱ्याची आणि तुमची पहिली गाठ पडते ती कागदावर. आधी अर्ज, मग लेखी चाचणी, मग मुलाखत. या तिन्हींत तपासलं जातं ते वाचणं, लिहिणं आणि पटकन उत्तर देणं. प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा वेगळंच असतं: माल लावणं, यंत्र सांभाळणं, रोपं जगवणं, आलेल्या माणसाशी नीट बोलणं. म्हणजे काम जमतं की नाही हे कुणी बघण्याआधीच तुम्ही दारात अडता. म्हणून खाली अर्जाबद्दल विचारलेलं असो की मुलाखतीबद्दल, उत्तर फिरून एकाच ठिकाणी येतं: सांगत बसण्याऐवजी करून दाखवायची संधी कशी मिळवायची.

ही नुसती समजूत घालणं नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात तातडीच्या विभागाची प्रमुख असलेली परिचारिका एका साध्या अडचणीने हैराण होती. विभागातलं सामान जागच्या जागी भरून ठेवायला माणसं घेतली की थोड्याच दिवसांत सोडून जायची. काम रोजचं तेच, पण चुकून चालणार नाही असं. तिने हे काम शिकण्यात अडचण असलेल्या तरुणांना शिकवून त्यांच्यावर सोपवायचं ठरवलं. त्यातून 'प्रोजेक्ट सर्च' हा उपक्रम उभा राहिला आणि पुढे इतर देशांतही पसरला. तिथे मुलं वर्गात बसून 'नोकरीची तयारी' करत राहत नाहीत. प्रत्यक्ष कामाच्या जागी, एकामागून एक वेगवेगळ्या विभागांत राबून शिकतात.

'अनुभव' या रकान्यात काय लिहू? कोरा सोडू?

कोरा सोडू नका. पगार मिळालेलं काम म्हणजेच अनुभव, असं कुठे लिहिलेलं नसतं. घरातल्या आजारी माणसाची औषधं वर्षभर वेळेवर दिलीत, तर वेळ पाळणं आणि नोंद ठेवणं दोन्ही आलं. नातेवाइकाच्या दुकानात सुट्टीत बसलात, शेजाऱ्यांचे फोन-पंखे दुरुस्त केलेत, कार्यक्रमात खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांना जागेवर बसवण्यापर्यंत सगळं सांभाळलंत, हे सगळं लिहिण्यासारखं आहे.

फक्त गुण लिहू नका, काम लिहा. 'मी मेहनती आणि प्रामाणिक आहे' हे वाक्य शंभर अर्जांत असतं आणि वाचणारा त्यावरून नजरही फिरवत नाही. 'दोन वर्षं दर रविवारी वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावली' हे वाक्य थांबवतं. नसलेला अनुभव मात्र कधीच रचू नका. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला तो उघडा पडतो.

आत्ता सांगण्यासारखं खरंच काही नसेल, तर आधी एखाद्या संस्थेत आठवड्यातले काही तास स्वयंसेवक म्हणून जा. त्यातून मिळणारी मोठी गोष्ट म्हणजे तुमच्याबद्दल फोनवर चार शब्द सांगू शकेल असा घराबाहेरचा एक माणूस.

बायोडेटा कसा असावा?

एक पान. मोठी अक्षरं, मोकळी जागा, छोटी वाक्यं. शिक्षणातले कमी गुण वर मांडायची गरज नाही; आधी काय येतं ते, मग काय केलंय ते, शिक्षण शेवटी. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. यात कमीपणा नाही, उत्तम लिहिणारेही घेतात.

हाताने करायचं काम असेल तर बायोडेटासोबत तीन-चार फोटो किंवा मिनिटभराचा व्हिडिओ द्या. शिवलेला कपडा, रंगवलेली भिंत, जोडलेलं सर्किट, नीट लावलेलं कपाट. पानभर मजकुरापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

अर्ज भरताना हमखास चुका होतात. काय करू?

अर्ज जागेवर भरू नका. कोरा अर्ज घरी आणा किंवा त्याचा फोटो काढा. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन नंबर, शिक्षणाची वर्षं, ओळख देणाऱ्या दोन माणसांची नावं, हे सगळं एकदाच बिनचूक लिहून, कुणाकडून तरी तपासून फोनमध्ये ठेवा. त्यानंतर प्रत्येक अर्जात फक्त उतरवायचं. ऑनलाइन अर्जात तर तेवढं चिकटवलं की झालं. जागेवरच भरावा लागला तर सरळ म्हणा, "घाई नसेल तर मी शांतपणे भरतो."

एक चूक फार महागात पडते: स्वतःचा फोन नंबर चुकणं. दोन आकडे उलटसुलट झाले की निवड होऊनही फोन येत नाही. अर्ज देण्याआधी त्यावरचा नंबर बघून दुसऱ्याच्या फोनवरून लावून पाहा. वाजला तर बरोबर.

माझ्यासारख्यांना कोणती कामं जमतात?

अशी यादी मी देणार नाही. 'डिस्लेक्सिया असलेल्यांसाठी उत्तम करिअर' छापाच्या याद्या भरपूर फिरतात, आणि डिस्लेक्सिया असलेला प्रत्येकजण जन्मजात कलावंत असतो अशीही एक गोड समजूत आहे. काही असतात, काही नसतात, इतर सगळ्यांसारखंच.

त्याऐवजी समोर असलेल्या कामाची चौकशी करा. दिवसभरात वाचावं-लिहावं किती लागतं? ते घाईत, समोर गिऱ्हाईक उभं असताना लागतं की निवांत? काम रोज त्याच क्रमाने असतं की दर तासाला बदलतं? चूक झाली तर ती दिसते आणि सुधारता येते, की कुठेतरी खोल नोंदीत दडून बसते? अडलं तर विचारायला जवळ कुणी असतं का? यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भरपूर कागदपत्रांचं काम चांगल्या वरिष्ठाच्या हाताखाली जमून जातं. आणि अगदी सोपं म्हटलेलं काम, विचारलं की खेकसणाऱ्या माणसाबरोबर, महिनाभरही निभत नाही.

डिसकॅल्क्युलिया असेल तर रोख पैसे मोजायच्या जागेवर पहिली नोकरी शक्यतो धरू नका. त्याच दुकानात माल लावायचं काम मिळतंय का ते बघा.

जाहिराती बघू की ओळखीने शोधू?

दोन्ही, पण जोर ओळखीवर. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निरीक्षण मांडलं: नोकरीची बातमी अगदी जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या ओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते. कारण सोपं आहे. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. तेव्हा जुने शिक्षक, वडिलांचे सहकारी, नेहमीचा मेकॅनिक यांच्या कानावर घाला. 'काही काम असेल तर सांगा' असं मोघम नको. 'गोदामात किंवा स्टोअरमध्ये माल लावायचं काम शोधतोय, सकाळच्या पाळीत' असं म्हटलं की ऐकणाऱ्याला कुणाचं तरी नाव आठवतं.

ओळखीने जाण्यात आपल्यासाठी आणखी एक सोय आहे. मधला माणूस तुमच्याबद्दल आधीच दोन शब्द बोललेला असतो, आणि अर्जाचा कागद मागे पडतो.

माझी अडचण सांगू की लपवू? आणि सांगायची तर कधी?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सांगितलं तर घेणार नाहीत ही भीती खरी आहे, आणि ती खोटी ठरेल असं कुणी वचन देऊ शकत नाही. न सांगितल्याचीही किंमत असतेच. पहिल्याच आठवड्यात चुका झाल्या की त्यांना निष्काळजीपणा समजलं जातं, आणि नंतर सांगायला गेलं की ती सबब वाटते.

माझं मत असं. भरतीच्या टप्प्यावर मदत लागणार असेल, म्हणजे लेखी चाचणीला जादा वेळ किंवा प्रश्न वाचून दाखवणारा माणूस, तर आधीच सांगा. चाचणी बिघडल्यावर सांगून उपयोग नसतो. तशी मदत लागणार नसेल, तर निवड झाल्यावर आणि कामावर रुजू होण्याआधी सांगा. तेव्हा त्यांनी तुम्हाला पसंत केलेलं असतं आणि तुम्हालाही कामाचं स्वरूप कळलेलं असतं. काही देशांत कायदाच याला धरून आहे. अमेरिकेत, उदाहरणार्थ, नोकरी देऊ करण्याआधी मालकाला उमेदवाराच्या अपंगत्वाबद्दल विचारता येत नाही.

कामात अडचणीचा काही संबंधच येत नसेल तर सांगितलं नाही तरी चालतं. तो तुमचा खाजगी प्रश्न आहे.

सांगताना नेमके शब्द काय वापरू?

निदानाचं नाव घेऊन थांबू नका. समोरच्याला 'डिसग्राफिया' ऐकून काहीच बोध होत नाही, मग तो मनानेच काहीतरी भयंकर कल्पून घेतो. अडचण एका वाक्यात, उपाय दुसऱ्या वाक्यात. असं:

"मला लांब मजकूर वाचायला वेळ लागतो. सूचना तोंडी सांगितल्या किंवा मुद्दे काढून दिले की काम वेळेत होतं."

"तोंडी सांगितलेल्या चार गोष्टी एकदम लक्षात राहत नाहीत. मी लिहून घेतो, एवढंच."

"माझं हस्ताक्षर वाचवत नाही, म्हणून नोंदी टाइप करून देतो."

आरशासमोर नको, माणसासमोर सराव करा. आणि 'सॉरी'ने सुरुवात करू नका.

"म्हणजे बुद्धी कमी आहे का?" असं तोंडावर विचारलं तर?

विचारतात, आणि बहुतेकदा वाईट हेतूने नाही. शांतपणे सांगायचं की ही अडचण वाचण्या-लिहिण्याची आहे आणि ती बुद्धी चांगली असलेल्यांमध्येही असते. हे आजकालचं फॅडही नाही. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या ब्रिटिश डॉक्टरने एका वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली होती. मुलगा चुणचुणीत, खेळात समवयस्कांच्या मागे नाही, पण वाचन काही केल्या येईना. त्याला बरीच वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं म्हणणं होतं की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

तुमची अडचण एकूण शिकण्याचीच असेल तर हे उत्तर तुमचं नाही. तुमचं उत्तर असं: "मला शिकायला इतरांपेक्षा वेळ लागतो. एकदा डोक्यात बसलं की मी तेच काम रोज तसंच करतो."

लेखी किंवा ऑनलाइन चाचणी असेल तर?

चाचणीची तारीख कळली की लगेच, लेखी किंवा ईमेलने, काय हवंय ते मागा: जादा वेळ, मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, गणकयंत्र. शाळा-कॉलेजच्या परीक्षेत सवलत मिळत होती त्याचा कागद असेल तर जोडा. ऑनलाइन चाचणीत घड्याळ चालू झालं की मग काही मागता येत नाही. नमुना चाचणी मिळाली तर घरी एकदा सोडवून बघा. प्रश्न कठीण नसतात, पडद्याची रचनाच गोंधळात टाकते, असं पुष्कळदा होतं.

मुलाखतीत गडबडायला होतं. काही युक्ती?

अवघड प्रश्न एकच असतो: "तुमच्याबद्दल सांगा." त्याचं उत्तर आधी ठरवून ठेवा, पाच-सहा वाक्यांचं, पण शब्दशः पाठ करू नका. पाठ केलेलं मधे तुटलं की पुढचं सगळं जातं. प्रश्न लांबलचक आला तर "यातला पहिला भाग आधी सांगतो" म्हणा आणि दुसऱ्या भागाची आठवण त्यांनाच करून द्यायला सांगा. छोटी टिपणवही घेऊन बसायला कुणी हरकत घेत नाही. जागा शोधण्यात गोंधळ होत असेल तर आदल्या दिवशी जाऊन रस्ता बघून या.

शेवटी 'काही विचारायचंय का?' म्हटलं की तुमची संधी येते. विचारा: "मला एक दिवस काम करून दाखवता येईल का?" पहिली नोकरी मिळवण्यासाठी याहून उपयोगी वाक्य मला माहीत नाही. काही जण नाही म्हणतील. हो म्हणणाऱ्याकडे मात्र तुमचं बोलणं बघितलं जात नाही, हात बघितले जातात.

करून दाखवायला म्हणून किती दिवस फुकट राबायचं?

थोडेच, आणि ते आधी ठरवून. एखादा दिवस, फार तर काही दिवस. किती दिवस आणि त्यानंतर निर्णय कोण देणार, हे सुरुवातीलाच मेसेजवर लिहून घ्या. 'अजून थोडं बघू' असं होत राहिलं तर ती चाचणी राहत नाही, बिनपगारी नोकरी होते. निघून या. नोकरीसाठी नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षण यांच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्याकडे तर पाऊलही टाकू नका. वाचायचा कंटाळा असणारी माणसं अशांना सोपी सावजं वाटतात.

करारावर लगेच सही करायला सांगतात.

करू नका. "घरी वाचून उद्या आणून देतो" हे म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. विश्वासातल्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि चार गोष्टी बोट ठेवून बघा: पगार किती आणि कधी, कामाचे तास, मधेच सोडलं तर काय, आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणार आहेत का. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत, प्रती द्यायच्या.

कायद्याचा काही आधार आहे का?

आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारातलं २७ वं कलम काम आणि रोजगाराबद्दल आहे. कामाच्या जागी वाजवी सोयी मिळाव्यात, हे त्यात स्पष्ट म्हटलंय. वाजवी सोय म्हणजे मालकावर न पेलणारा बोजा न टाकता करता येईल असा बदल, जसं लेखी सूचना तोंडी देणं. देशोदेशीचे कायदे वेगवेगळे आहेत: अमेरिकेत १९९० चा, ब्रिटनमध्ये २०१० चा. भारतात १९९५ च्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या कायद्यात ती २१ प्रकारांपैकी एक म्हणून आली.

कायदा माहीत असावा. पण पहिल्या भेटीत तो पुढे करू नका. समोरचा सावध होतो आणि गप्प बसतो. साधी विनंती धुडकावली गेली की मग काढा.

मग अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढावंच लागतं का?

राखीव जागा किंवा कायद्याने मिळणारी सवलत हवी असेल तर हो. सहकाऱ्याला "जरा सावकाश सांग" म्हणायला प्रमाणपत्र लागत नाही. लहानपणी तपासणी झाली नसेल तर मोठेपणीही मानसशास्त्रज्ञाकडून करून घेता येते. रिपोर्ट हातात आला की त्यातलं नेमकं कुठे अडतं आणि काय चांगलं येतं हे त्यांच्याकडूनच सोप्या भाषेत समजून घ्या. मुलाखतीतली वाक्यं तिथूनच सापडतात.

नोकरी लागली. पहिले काही आठवडे कसे काढू?

समजा काम आहे आलेला माल लावायचं. शिकवणारा एका दमात सांगतो: "खोकी उघड, चलनाशी ताडून बघ, फुटलेलं बाजूला काढ, जुना माल पुढे घे, नवा मागे लाव, झालं की रजिस्टरला नोंद कर." सहा कामं, एक वाक्य. तिसरं ऐकेपर्यंत पहिलं निसटलेलं असतं. मान डोलावून पुढे जाऊ नका. तिथल्या तिथे म्हणा, "मी परत सांगतो, बरोबर आहे का बघा." मग सहा ओळींचं एक कार्ड करा, प्रत्येक ओळीसमोर त्या टप्प्याचा फोटो, आणि ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. परवानगी असेल तर शिकवणाऱ्याचा आवाज फोनवर घेऊन ठेवा.

काम असं तुकड्यांत मोडून शिकवण्याची पद्धत जुनी आणि पारखलेली आहे. १९७० च्या दशकात मार्क गोल्ड या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने याच रीतीने बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सायकलचा ब्रेक सुट्या भागांपासून जोडायला शिकवला, जे त्यांना कधी येईल असं कुणाला वाटत नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की शिकणाऱ्याला येत नसेल तर शिकवायची रीत बदलून बघा. तुमच्या वरिष्ठाला हे नाव सांगायची गरज नाही. "एक-एक टप्पा दाखवाल का?" एवढं पुरे.

आकड्यांचं वेगळं. ४७८१ चा ४७१८ होतो. असे नंबर 'सत्तेचाळीस, एक्याऐंशी' असे जोडीने वाचू नका, कारण मराठीत बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. मोठ्याने एकेक आकडा म्हणा: चार, सात, आठ, एक. आणि लिहून झाल्यावर शेवटून उलटं ताडून बघा.

फोनवर कोणत्या सोयी कामाच्या?

मजकूर वाचून दाखवणं आणि बोललेलं टाइप करणं. दोन्ही बहुतेक स्मार्टफोनमध्ये मुळातच असतात आणि मराठीतही चालतात. कॅमेऱ्याने छापील कागदावरचा मजकूर उचलून वाचून घेता येतो. कामाच्या वेळांना गजर लावा, प्रत्येकाला नाव देऊन. 'डिस्लेक्सियासाठी खास फॉन्ट' आवडत असेल तर वापरा, पण त्याने वाचन सुधारतं असं अभ्यासांत ठामपणे दिसलेलं नाही. अक्षरं मोठी आणि त्यांतलं अंतर जास्त ठेवण्याचा फायदा काहींना होतो.

कामाच्या जागी फोन बाहेर काढायला बंदी असेल तर ही परवानगी आधीच मागून ठेवा.

मी आई आहे. मुलाबरोबर मुलाखतीला जाऊ का?

दारापर्यंत जा. आत नको. तुम्ही आत बसलात की प्रश्न तुम्हाला विचारले जातात आणि मुलगा गप्प होतो. मुलाला खरोखरच आधाराची गरज असेल तर मुलाच्या संमतीने आधी फोन करून विचारा की कुणाला सोबत बसता येईल का. शक्यतो तो माणूस आई-वडील नसावा, जॉब कोच (कामाच्या जागी शिकवणारा, आधार देणारा माणूस) किंवा शिक्षक असावा. आणि रुजू झाल्यावर वरिष्ठांना रोज फोन करून 'कसं चाललंय?' विचारू नका. ते मुलालाच विचारा, तेही जेवण झाल्यावर.

सारखा नकार येतोय. किंवा लागलेली नोकरी महिन्यात सुटली.

नकार कुठल्या टप्प्यावर येतो ते बघा. अर्जालाच उत्तर येत नसेल तर बायोडेटा दाखवून घ्या आणि ओळखीची वाट धरा. मुलाखतीनंतर येत असेल तर नम्रपणे कारण विचारा. दहातला एखादाच सांगेल, पण ते खरं असेल. लेखी चाचणीत अडत असाल तर पुढच्या वेळी सवलत मागायला विसरू नका.

नोकरी सुटली असेल तर निघण्याआधी दोन गोष्टी घेऊन निघा: केलेल्या दिवसांचा पगार, आणि काय काम केलं याचं दोन ओळींचं पत्र. मग कागद घेऊन बसा आणि काय जमलं, कुठे अडलं ते लिहा किंवा कुणाला तरी सांगून लिहून घ्या. महिनाभराचं का असेना, 'अनुभव' या रकान्यात आता तारखेसकट लिहायला एक ओळ आहे. पुढच्या अर्जात ती वर घ्या.